पाण्याशी झगडलेली ‘एमिली’

विमानाची कसोटी हवेत लागते, हे फ्लाइंग बोटीबाबत अर्धंच खरं. तिला आधी पाण्याच्या तावडीतून सुटावं लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी नौदलाच्या ‘कावानिशी एच८के’ या टेहळणी विमानाची (दोस्त राष्ट्रांनी त्याला ‘एमिली’ हे सांकेतिक नाव दिलं होतं) खरी करामत मला या सुटकेतच दिसते.

चार इंजिनं, ३८ मीटरचा पंखविस्तार आणि सुमारे सात हजार किलोमीटरचा पल्ला. एवढं लांब जायचं तर हवेचा विरोध कमी हवा, म्हणून अभियंते शिझुओ किकुहारा यांनी विमानाचं नौकेसारखं धड उंच आणि अरुंद ठेवलं. १९४१ मध्ये चाचण्या सुरू झाल्या आणि हा अरुंदपणा नडला. अरुंद तळ पाण्यात जास्त रुततो. वेग घेताना दोन्ही बाजूंनी पाण्याचे लोट उसळून थेट प्रोपेलरवर आदळू लागले. मग नाकाखाली तळाला लांबीच्या दिशेने पट्ट्या बसवल्या. वर चढणारं पाणी त्यांच्यावर आपटून खाली वळू लागलं.

दुसरं संकट उड्यांचं. धावताना नाक जरा जास्त वर किंवा खाली झालं, की विमान पाण्यावर हिंदकळू लागे आणि प्रत्येक हिंदकळा आधीच्यापेक्षा मोठा. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. कॉकपिटसमोरच्या दांडीवर आडव्या खुणा होत्या. वैमानिकाने क्षितिज त्या खुणांमध्ये धरून ठेवायचं, म्हणजे नाक सुमारे ५ अंश वर राही. ना काटा, ना तबकडी!

मार्च १९४२ मध्ये अशी दोन विमानं मार्शल बेटांवरून निघाली, वाटेत फ्रेंच फ्रिगेट शोल्स या प्रवाळबेटांपाशी पाणबुड्यांकडून इंधन घेतलं आणि रात्री होनोलुलूवर पोहोचली. ढगांमुळे टाकलेल्या बॉम्बचा नेम चुकला, जीवितहानी झाली नाही. मे महिन्यात पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा इंधन घेण्याच्या त्या प्रवाळबेटांपाशी अमेरिकी जहाजं उभी होती. बेत रद्द झाला आणि मिडवेच्या लढाईआधी पर्ल हार्बरची टेहळणी राहूनच गेली.

बनलेल्या १६७ विमानांपैकी आज एकच उरलं आहे. युद्धानंतर अमेरिकेने ते चाचण्यांसाठी नेलं, १९७९ मध्ये परत केलं. आता ते कानोया इथल्या संग्रहालयात आहे. किकुहारा मात्र तुषारांचा प्रश्न सोडवतच राहिले. त्यांच्या पीएस-१ विमानात पट्ट्यांच्या जागी तळालगत खाचा आल्या. त्याच घराण्यातलं यूएस-२ आज तीन मीटर उंचीच्या लाटांवर उतरतं.