श्वासयंत्राचा आवाज कमी कसा करावा?

कारापूरच्या एका शेतकरी बंधूची गोष्ट आधी सांगतो. वय पन्नाशीचे, कुळागर आणि काजूची बागायत सांभाळणारा कष्टाळू माणूस. रात्री घोरणे एवढे की पलीकडच्या खोलीतील मुले जागी होत. मध्येच घोरणे थांबे, श्वासही थांबे आणि मग दचकून मोठा श्वास घेई. दिवसा मात्र बसल्या जागी डोळा लागे. एकदा डिचोलीहून परतताना झापड आली आणि स्कूटर गटारात गेली. थोडक्यात निभावले. मग तपासणी झाली, झोपेत श्वास अडकण्याचा आजार ठरला आणि डॉक्टरांनी उशाशी ठेवायचे सीपॅप यंत्र दिले.

पंधरा दिवसांत ते यंत्र कपाटात गेले. विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "घोरणं परवडलं भाऊ, पण रात्रभर शिट्ट्या मारणारं हे भूत नको!"

आम्ही जाऊन पाहिले तो यंत्रात काहीच बिघडलेले नव्हते. मास्क नाकाच्या बाजूने सुटत होता, यंत्र पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवले होते आणि त्याचा फिल्टर लाल धुळीने भरला होता. तिन्ही गोष्टी अर्ध्या तासात नीट झाल्या. आपल्या वाचकांपैकी आणखी कोणाच्या घरी असे यंत्र कपाटात गेले असेल, तर त्यांच्यासाठी हा लेख.

यंत्र करते काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. दहा सेकंद वा त्याहून अधिक वेळ श्वास थांबणे किंवा फार मंदावणे असे तासाला पाच किंवा जास्त वेळा होऊ लागले की तो आजार समजतात. तीस वा अधिक वेळा झाले तर आजार तीव्र. अशा माणसाचा रक्तदाब चढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. शिवाय वाहन चालवताना किंवा पॉवर टिलरवर असताना झोप लागली तर काय होईल, ते सांगायला नको.

सीपॅप म्हणजे एक लहानसा पंपच. फरक इतकाच की तो पाण्याऐवजी हवा ढकलतो. नळीतून आणि मास्कमधून आलेल्या या हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. दाब फार नसतो. ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा असतो तेवढाच.

हा उपचार ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी शोधला आणि १९८१ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या यंत्राला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावलेली होती आणि आवाजही तसाच मोठा होता. आजची यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत. चांगल्या स्थितीतील यंत्राचा आवाज एक मीटर अंतरावर साधारण २५ ते ३० डेसिबल, म्हणजे कुजबुजण्याएवढा असतो. आपले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. जागतिक आरोग्य संघटनेने निजायच्या खोलीसाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. तेव्हा यंत्र त्याहून मोठ्याने ओरडत असेल तर त्याला काहीतरी कारण आहे, आणि बहुधा ते घरच्या घरी सापडते.

आवाज कोठला, ते ओळखा

रात्री पंखा बंद करून यंत्र सुरू करा आणि मास्क लावून नेहमीसारखे आडवे व्हा. घरातील दुसऱ्या कोणीतरी हाताची मागची बाजू ओली करून मास्कच्या कडेने फिरवावी. हवा निसटत असेल तेथे गार लागेल. पाइपाची गळती शोधतो तसेच हे.

त्यानंतर पाण्याची डबी काढून ठेवा आणि चालू यंत्र दोन्ही हातांनी क्षणभर उचलून धरा. आवाज कमी झाला, तर दोष यंत्राखालच्या टेबलाचा किंवा ट्रंकेचा आहे.

उपाय

१. मास्कची गळती : शिट्टी किंवा फुरफुर असा आवाज बहुतेक वेळा येथूनच येतो. चेहऱ्याच्या तेलकटपणामुळे मास्कची मऊ कड नीट बसत नाही. म्हणून कड रोज सौम्य साबणाने धुवावी, आणि झोपण्यापूर्वी तोंडही धुवावे. रात्री डोक्याला खोबरेल तेल चोपडण्याची सवय असेल तर ते सकाळी लावावे. पट्टे बसून नव्हे, तर आडवे होऊन आणि यंत्र चालू ठेवून जुळवावेत. फार आवळू नयेत. आवळल्याने कड दुमडते आणि गळती वाढते. कड कडक झाली किंवा चिरली असेल तर नवी घ्यावी.

२. यंत्राची जागा : ढिल्या फळीवर बसवलेला पंप जसा थरथरतो, तसेच हे. पत्र्याची ट्रंक किंवा हलणारे स्टूल नको. भक्कम, सपाट लाकडी पाट किंवा टेबल घ्यावे आणि त्यावर रबराचा पातळ तुकडा घालावा. जागा उशीपेक्षा फूटभर खाली असावी, भिंतीपासून चार-सहा इंच दूर असावी. सहा फुटी नळीऐवजी दहा फुटी नळी लावली तर यंत्र कानापासून आणखी लांब जाते. मात्र लांब नळीसाठी यंत्राची जुळणी बदलावी लागू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना किंवा यंत्र देणाऱ्यांना विचारावे.

३. फिल्टर : विहिरीतील फूटव्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकला की पंप घरघरतो. फिल्टरचे तसेच आहे. आपल्या भागात चिऱ्याच्या मातीची लाल धूळ, गवताचा भुसा आणि काजूच्या हंगामात भट्टीचा धूर. धुण्याजोगा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये. तो काळवंडला की बदलावा. धुळीच्या दिवसांत महिना संपण्याची वाट पाहू नये.

४. नळीतील पाणी : गुळगुळ आवाज येत असेल तर नळीत पाणी साचले आहे. यंत्राची दमट हवा गार नळीत आली की तिचे पाणी होते. पंख्याचा झोत थेट नळीवर येऊ देऊ नये, नळीवर जुन्या सुती कापडाची पिशवी शिवून चढवावी. आपल्याकडे पावसाळ्यात हवा मुळातच दमट असते. त्या दिवसांत दमटपणाची कळ डॉक्टरांना विचारून कमी करावी. डबीत विहिरीचे पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर घालावे, आणि उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकावे.

हे मात्र करू नये

मास्कवर बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून सतत सूं असा आवाज येतो. ती गळती नव्हे. आपण सोडलेला अशुद्ध वायू तेथूनच बाहेर जातो. आवाज बंद व्हावा म्हणून त्या छिद्रांना चिकटपट्टी लावणे धोक्याचे आहे. शेजारी झोपणाऱ्याला त्या हवेचा त्रास होत असेल तर कूस बदलावी, किंवा हवा पसरून सोडणारा मास्क मागावा.

यंत्रावर गोधडी टाकू नये, त्याला बंद कपाटात चालवू नये, ते तापते. पंपाला ग्रीस घालणारा आपला हात येथे आवरावा. यंत्र उघडू नये, त्यात तेल घालू नये, स्पंज कोंबू नये. आवाज शोषणारा फोम सुद्धा कसा बाधतो, ते साऱ्या जगाने पाहिले आहे. १४ जून २०२१ रोजी फिलिप्स कंपनीने आपली अनेक श्वासयंत्रे परत मागवल्याचे जाहीर केले, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकत होते. उष्ण व दमट हवेत आणि ओझोनने यंत्र साफ केल्यास ही झीज वाढते, असेही तेव्हा सांगण्यात आले. तुमचे यंत्र त्याआधीचे असेल तर त्यावरील क्रमांक यंत्र देणाऱ्यांना दाखवून खात्री करून घ्या. नळीत काळे कण दिसले, जळका वास आला किंवा मोटर अचानक खरखरू लागली, तर लगेच डॉक्टरांशी बोला.

आमच्या त्या बंधूचे यंत्र आता रोज रात्री चालते. वहिनी परवा म्हणाल्या, "आता मशीनपेक्षा छपरावरची मांजरंच जास्त आवाज करतात." घोरणे नाही, शिट्टी नाही, आणि स्कूटरही रस्त्यावरच चालते. आवाजाला कंटाळून यंत्र बाजूला ठेवण्याआधी एक संध्याकाळ त्यासाठी काढा. यंत्र बंद पडले तर दुसरे आणता येते. घरच्या कर्त्या माणसाचा श्वास मात्र चालू राहिला पाहिजे.