'वय' लिहून मोकळं होऊ नका: ज्येष्ठांचा तोल मोजताना

"वय झालं की तोल जाणारच," असं आमच्या अंकुशनगरकडे सर्रास म्हणतात. संशोधन आराखड्यातही आपण तेच करतो. स्वाश्रयी चल वय, आश्रयी चल शारीरिक संतुलन, सहसंबंध काढला की झालं! पण वय कुणाला कमी करता येत नाही. मग त्या निष्कर्षाचा आजीला उपयोग काय?

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान आणि पायांचे तळवे-सांधे. एक खबर कच्ची पडली की बाकीच्या दोन भरून काढतात. म्हणून दिवसा अंगणात नीट चालणारी आजी रात्री लाईट गेल्यावर मोरीकडे जाताना पडते. तिच्या पायांची खबर आधीच कमी झालेली असते. डोळ्यांनी ती झाकलेली असते, एवढंच. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायची रॉम्बर्ग चाचणी नेमकं हेच उघडं पाडते.

पायांची खबर कमी का होते? जुना मधुमेह हे एक कारण. दुसरं ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 441 मध्यमवयीन पुरुष तपासले, त्यात 67 टक्के जणांचं ब-12 कमी निघालं (2006). तो अभ्यास तोलाचा नव्हता, ज्येष्ठांचाही नव्हता. त्यामुळे थेट उडी मारू नका. पण प्रश्नावलीत आहार विचारायला हे कारण पुरेसं आहे. सोबत मोतीबिंदू, मांड्यांची ताकद, बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्याही विचारा. पडण्याची भीतीसुद्धा; भीतीने माणूस चालणं कमी करतो आणि पाय आणखी अशक्त होतात.

आता साधनाची निवड. बर्ग संतुलन मापनश्रेणीत 14 कृती, प्रत्येकीला 0 ते 4, एकूण 56 गुण. डोळे मिटून उभं राहण्याची कृती त्यात एकच! तिथे शून्य मिळालं तरी 52 गुण पडू शकतात, आणि 45च्या वर म्हणजे ठीक असं बरेच जण धरतात. खुर्चीतून उठून 3 मीटर जाऊन परत बसण्याची चाचणीही उघड्या डोळ्यांचीच. ती पायांची ताकद आणि वळणं छान सांगते, पण अंधाराबद्दल काही सांगत नाही.

म्हणून नुसती बेरीज न नोंदवता प्रत्येक कृतीचे गुण वेगळे ठेवा. आणि हो, डोळे मिटायला सांगताना एक जण हाताच्या अंतरावर उभा हवाच.