पणजोबा 'इंग्लंडचे', पण नेमके कुठले? उत्तर जनगणनेच्या जुन्या नोंदींत

अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पासून प्रत्येकाच्या नावापुढे जन्मस्थान लिहिलेलं आढळतं. मात्र इंग्लंडहून आलेल्या माणसापुढे बहुतेकदा एकच शब्द असतो, 'इंग्लंड'. गाव नाही, काउंटी नाही. पूर्वजांचा शोध घेणारे अनेक जण इथेच अडकतात. पुढचा धागा मिळतो तो ब्रिटनच्या जनगणनेत.

तिथे १८०१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. देशभरातल्या माणसांची नावं मात्र १८४१ पासूनच मिळतात. त्यातही १८४१ ची नोंद त्रोटक आहे. १५ वर्षांवरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ३४ वर्षांचा माणूस कागदावर ३० चा. जन्म याच काउंटीतला की नाही, एवढंच विचारलं होतं. खरा खजिना १८५१ चा. जन्माची काउंटी आणि पॅरिश (चर्चच्या हद्दीतलं गाव किंवा वस्ती), कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, व्यवसाय, सगळं एकाच ओळीत.

समजा, एक तरुण सुतार १८५४ मध्ये न्यूयॉर्कला उतरला. तर १८५१ मध्ये तो आईवडिलांच्या घरात दिसायला हवा आणि १८६१ मध्ये दिसायला नको.

सापडला म्हणजे तोच का?

घाई इथेच महागात पडते. त्याच नावाचे, त्याच वयाचे दोघे-तिघे सहज सापडतात. ऑनलाइन वंशावळीत त्यातला एक उचलून जोडला जातो आणि मग इतर नातेवाईकही तोच कॉपी करत राहतात. भलत्याच कुटुंबाचे आजी-आजोबा आपले होऊन बसतात!

म्हणून आधी प्रत्येक उमेदवार बाद करून पाहायचा. १८६१ मध्ये तो बायको-मुलांसह इंग्लंडमध्येच राहत असेल, तर तो आपला माणूस नव्हे. दिसत नसेल, तरी तो गेला असंच नाही. वारलाही असू शकतो. त्यासाठी १ जुलै १८३७ पासूनच्या मृत्यूनोंदी तपासाव्या लागतात. भावंडांची नावं अमेरिकेतल्या कागदांशी जुळली, तर बळ मिळतं. जन्मगाव दर जनगणनेत थोडं बदललं, तर मात्र लगेच घाबरू नये. एकदा खेड्याचं नाव, पुढच्या वेळी जवळच्या शहराचं, असं लोक सर्रास सांगायचे.

पूर्वज १८४१ च्या आधीच निघून गेला असेल, तर मागे राहिलेली भावंडं शोधायची. त्यांचं जन्मगाव १८५१ मध्ये मिळालं, की त्या पॅरिशची बाप्तिस्म्याची वही उघडता येते.

१८८१ च्या जनगणनेची सूची 'फॅमिलीसर्च'वर मोफत आहे. 'फ्रीसेन' या मोफत प्रकल्पात स्वयंसेवकांनी उतरवून काढलेल्या नोंदी आहेत. इंग्लंड आणि वेल्सची १९२१ ची जनगणना शंभर वर्षांच्या गोपनीयतेनंतर जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. त्यानंतर मोठा खंड आहे. १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही. आता पुढची, १९५१ ची, २०५२ मध्ये.