दिल्लीच्या पाणथळींचा नकाशा कसा वाचावा

दिल्लीभोवतीच्या पाणपक्ष्यांसाठी फक्त सुलतानपूर आणि भिंडावास या पाणथळी पुरेशा नाहीत! दोन्ही २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आल्या, ही आनंदाचीच गोष्ट. पण पक्षी सरकारी हद्द पाळत नाहीत. साहिबी नदीच्या जुन्या वाटेवरची नजफगढ झील, गुरुग्रामजवळचं बसई, ग्रेटर नोएडाजवळचं धनौरी, जिथे सारस दिसतात, या सगळ्या जागा मिळून त्यांचं घर बनतं.

या जागांचा नकाशा बनतो उपग्रहचित्रांतून. पाणी हिरवा प्रकाश थोडा परावर्तित करतं आणि अवरक्त जवळजवळ सगळा शोषून घेतं; या फरकावरून ते ओळखता येतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. लँडसॅट उपग्रहांमुळे तर १९८४ पासूनचं पाणी पाहता येतं. दिल्लीसारख्या कोरड्या प्रदेशात हाच इतिहास मोलाचा, कारण मे महिन्यात भेगाळलेली जमीन सप्टेंबरात तळं असते आणि कागदावर मात्र ‘पडीक’.

पाण्याची खोली मात्र जमिनीवरूनच कळते. तुतवारांना काही सेंटिमीटर पाणी पुरतं, बुडी मारणाऱ्या बदकांना खोल लागतं. म्हणून जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत नक्की या, आणि नोंदीत पाण्याची पातळीही लिहा.