सहा, सहा, सहा, चार

मोठ्या अभंगाचा साचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. यंत्राला कवित्व शिकवून बघायचं तर याहून सोपं काय, म्हणून रायपूरला घरच्या लॅपटॉपवर एक छोटं मॉडेल तयार करायला घेतलं. त्याला वाचायला दिली तुकोबांची गाथा, सुमारे साडेचार हजार अभंग. 

मागचा मजकूर पाहून पुढे काय येईल याचा मॉडेल अंदाज बांधतं, आणि चुकलं की आतले आकडे किंचित सरकवतं. त्याला सगळ्यात आधी काय जमावं? ‘तुका म्हणे’. ओळीला अर्थाचा पत्ता नाही, पण खाली सही ठोकलेली!

अक्षरं मोजणं मात्र जमेना. संगणकाच्या लेखी ‘क्षि’ म्हणजे क, हलन्त, ष, वेलांटी असे चार तुकडे. अभंगात ते एकच अक्षर. मजकूर अक्षरांत तोडून दिला तेव्हा कुठे चरण सहाच्या आसपास येऊ लागले. मग ‘टेंपरेचर’, म्हणजे पुढचा तुकडा निवडताना मॉडेलने किती मोकाट व्हायचं त्याचं माप. ते उतरवलं की विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल; चढवलं की कुठल्याच कोशात नसलेले शब्द. मधल्या चिंचोळ्या पट्टीत क्वचित एखादा चरण थबकायला लावतो.

हॅरल्ड कोहेन या चित्रकाराने १९७०च्या दशकात ‘आरॉन’ हा चित्रं काढणारा प्रोग्रॅम घडवला, तेव्हा चित्र काढायचे नियम स्वतः लिहून दिले होते. त्याच वाटेने मी काटेकोर मोजणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिला. एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि एक ओळ पुन्हा वाचावीशी नाही. मार्गारेट बोडेन या संशोधिकेने सर्जनशीलतेचे तीन प्रकार सांगितले: जुन्याची नवी जुळणी, चौकटीतला शोध आणि चौकटच बदलणं. माझं घोडं तिसऱ्यापाशी अडलं. तुकोबांचे तरी सगळे चरण मापात कुठे आहेत? मग त्यांची ती सूट आणि मॉडेलची ती चूक, हे ठरवायचं कुणी?

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात भजन म्हणणाऱ्या एका काकूंपुढे मॉडेलच्या अभंगांचा कागद ठेवला.

“काकू, इथे सात झालीत.”

“असू दे की रे. म्हणताना दोन चटकन घ्यायची.”

आणि टेबलावर ताल धरून त्यांनी ते मोडके चरण म्हणूनच दाखवले. एके ठिकाणी थांबल्या. “इथे नाही चालत. इथे श्वास घ्यायचा, आणि याने जोडाक्षर कोंबलंय.”

कागदावर खुणा करून घेतल्या आणि घरी परीक्षक प्रोग्रॅम बसवला: काकूंनी पास केलेली मोड आली की गुण, अडखळायला लावणारी आली की वजाबाकी. मॉडेलने गुण कुठे मिळतात ते बरोबर हेरलं. आता प्रत्येक अभंगाच्या दुसऱ्या चरणात ते नेमाने सात अक्षरं घालतं. गुणांचं कोष्टक पुन्हा मांडतोय; तीच मोड लागोपाठ आली की गुण कापायचे.