उधारीची वही आणि संगणकाला विचारायचे प्रश्न

जुना जालन्यात आमच्या कापड लाइनीत संगणक आला तो बिल फाडण्यासाठी. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि त्याच्यावाचून चालेनासे झाले. पण त्यात साठलेली उधारी काढून पाहायची म्हटले की आपण ऑपरेटरचे तोंड पाहतो. उधार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयत तीच. लिहिणे होते, विचारणे राहते.

१९७० साली आयबीएमचे एडगर कॉड यांनी माहिती सरळ तक्त्यांत ठेवण्याची रीत मांडली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. आज तिला एसक्यूएल म्हणतात. तक्ता म्हणजे आपली वहीच: आडवी ओळ एका बिलाची, उभे रकाने पार्टी, तारीख, बाकी यांचे. प्रश्न असा (टाइप रोमन लिपीत करावा):

सिलेक्ट पार्टी, तारीख, बाकी फ्रॉम उधारी व्हेअर बाकी > ० ऑर्डर बाय तारीख;

म्हणजे उधारीच्या तक्त्यातून हे तीन रकाने दाखव, बाकी असलेल्याच ओळी घे, जुनी तारीख वर ठेव.

त्या वरच्या ओळींतच पैसा बुडतो. उधार विकलेल्या मालाच्या रकमेसाठी दावा लावायला १९६३ च्या मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून. या तीन वर्षांच्या आत पार्टीने बाकी लेखी कबूल करून सही दिली, तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून अडीच वर्षांची बिले दर महिन्याला काढावीत. रमजानात जकातीचा हिशेब करतानाही हीच यादी कामी येते.

दोन ठिकाणी फसगत होते. बाकीचा रकाना कोरा असेल तर ती ओळ वरच्या उत्तरात येत नाही, कारण कोरे म्हणजे शून्य नव्हे. तिच्यासाठी 'व्हेअर बाकी इज नल' असे वेगळे विचारावे. दुसरे, नावे. आपल्याकडे एकच माणूस एका बिलावर मोहम्मद, दुसऱ्यावर मुहम्मद, तिसऱ्यावर नुसता 'मो.' असतो! संगणकाला ही तीन माणसे वाटतात. प्रत्येक पार्टीला खाते नंबर द्यावा आणि नंबरानेच विचारावे.

हिशेबाच्या पॅकेजमध्ये ही भाषा थेट चालत नसेल तर यादी बाहेर काढून एसक्यूएलाइटमध्ये घ्यावी. ते फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालते. सिलेक्टने वहीत खाडाखोड होत नाही. डिलीट आणि अपडेट मात्र मालकाच्या हातात ठेवावेत.