55 कोटींत एक

शुद्ध पाणी आम्लही नाही आणि आम्लारीही नाही, हे आपण शाळेत शिकतो. म्हणून ते स्वस्थ असते असे मात्र नाही. पाण्याचे रेणू सतत फुटत असतात: हायड्रोजन आयन सुटतो, मागे हायड्रॉक्सिल आयन उरतो. 25 अंश सेल्सिअसला कोणत्याही क्षणी साधारण 55 कोटी रेणूंमागे एक फुटलेला असतो. प्रमाण नगण्य वाटते, पण एवढ्यानेही एका थेंबात सुमारे 3 लाख कोटी सुटे हायड्रोजन आयन असतात.

एखाद्या ठरावीक रेणूवर फुटण्याची पाळी सरासरी 11 तासांनी येते आणि सुटलेला आयन सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आतच पुन्हा जोडला जातो. तरीही लिटरभर पाण्यात दर सेकंदाला सुमारे 84 लाख कोटी कोटी रेणू फुटतात! गटिंगेनला मानफ्रेड आयगेन यांनी 1950 च्या दशकात पाण्याला विजेचा क्षणिक झटका देऊन हा समतोल ढळवला आणि तो सावरायला किती वेळ लागतो ते मोजले. अशा अतिवेगवान अभिक्रियांच्या अभ्यासासाठी 1967 चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. मला हा प्रयोग रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

शुद्ध पाण्यात लिटरमागे 0.0000001 मोल हायड्रोजन आयन असतात. 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन यांनी असले लांबलचक अपूर्णांक टाळण्यासाठी दहाचा घातांक तेवढा उचलला. हाच सामू, म्हणजे पीएच, पाण्याचा 7. सोय झाली खरी, पण पसारा नजरेआड गेला. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची आहे. 0 आणि 14 यांच्यामधले अंतर एक कोटी कोटी पटींचे आहे. शिवाय 0 म्हणजे तळ नव्हे. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत झिरपणाऱ्या पाण्याचा सामू उणे 3.6 मोजला गेला आहे.

माती परीक्षणाच्या अहवालातही सामू असतो, आणि तिथे त्यातला फरक दिसतो त्याहून फार मोठा असतो. कोकणातली जांभ्याची जमीन 5.5 च्या आसपास, तर चोपण जमीन 8.5 च्या वर. फरक 3 चा, म्हणजे हायड्रोजन आयनांत हजारपट. लोहाचे गणित तर याहून कठोर आहे. फेरिक लोहाचा एक आयन तीन हायड्रॉक्सिल आयनांना बांधून घेऊन साक्याच्या रूपात बसतो. त्यामुळे सामू एकाने वाढला की पाण्यात मोकळे राहणारे फेरिक आयन दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजारपटीने घटतात. 5.5 वरून 8.5 वर जाताना ही घट शंभर कोटी पटींची होते. काळी माती बेसॉल्टपासून झालेली, लोहाने भरलेली. तरी ती चोपण झाली की पिकाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह असते, पण मुळांच्या हाती लागत नाही. ज्वारी, ऊस यांसारखी गवतकुळातली पिके मग मुळांतून लोहाला पकडून आणणारी द्रव्ये सोडतात.

आपल्या रक्ताला तर एवढी मोकळीक नाहीच. त्याचा सामू 7.35 ते 7.45 यांच्या मध्येच राहावा लागतो, 6.8 च्या खाली गेला तर जगणे बहुधा अशक्य. सुमारे 5 लिटर रक्तातले सगळे सुटे हायड्रोजन आयन एकत्र केले तर त्यांचे वजन ग्रॅमच्या 50 लाखाव्या भागाइतके भरेल. दुसरीकडे, शरीर दिवसाला साधारण 15 मोल कार्बन डायऑक्साइड तयार करते. तो पाण्यात मिसळून आम्ल बनतो आणि त्यातून 15 ग्रॅमपर्यंत हायड्रोजन आयन सुटू शकतात, म्हणजे रक्तातल्या साठ्याच्या साडेसात कोटी पट. हा भार रक्तातले बायकार्बोनेट आणि हिमोग्लोबिन वाटेत पेलतात आणि फुप्फुसे तो श्वासागणिक बाहेर टाकतात.